सुलूआत्याचा फुकटचा देव

सुलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला धरण्यावर होते. एका वस्तीच्या नळासाठी घोषणा देऊन देऊन घसा बसला होता. बाबा एवढंच म्हणाले, "ताई गेली. ये." माईक शेजारणीच्या हातात दिला आणि नांदेडची बस धरली. वाटेत रडू आलं नाही, राग आला. आमचं भांडण अर्धवटच राहिलं होतं, आणि आता शेवटचा शब्द कायमचा तिच्याकडे गेला होता...

आत्या मुदखेडची बायबलबाई. हा शब्द आता फारसा कुणाला कळत नाही, म्हणून सांगते. चर्चच्या वतीनं घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी बाई. बिलोलीपासून नायगावपर्यंत तिला ओळखत नाही असं ख्रिस्ती घर नव्हतं, आणि इतरांच्या घरीही तिचा चहा ठरलेला असायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्याकडे पडीक असायचो. दुपारी ती उंबऱ्याशी जोंधळे निवडत बसायची आणि मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. एकदा विचारलं, चांगली माणसं स्वर्गात जातात ना? सुपातला खडा बाहेर फेकत ती म्हणाली, "चांगलं कुणीच न्हाई गं. माफ केलेली मात्र लई हायत." मला ते तेव्हाही पटलं नाही.

पुढं मी लातूरला बायकांच्या संघटनेत गेले, पत्रकं लिहायला शिकले आणि आमच्या भांडणाला धार आली. भांडण आमच्या दोघींचं नव्हे, ख्रिस्ती लोकांचं फार जुनं. माणूस तरतो तो नुसत्या विश्वासानं, की त्याला कामंही करून दाखवावी लागतात? ती विश्वास पुरे म्हणणाऱ्या पौलाच्या बाजूची, मी कामं मागणाऱ्या याकोबाच्या. मी दारात दिसले की ती आतूनच ओरडायची, "आली का पत्रकवाली!" मी म्हणायचे, "आत्या, तुझा देव सगळं फुकट वाटतो, म्हणून लोक माजतात." त्यावर ती हसायची. "फुकट हाय म्हणून तर माझ्यासारखीला मिळालं. तुझ्यासारखं मार्क बघून दिलं असतं तर मी नापासच की गं!"

मग प्रभाकरचं प्रकरण झालं. प्रभाकर आमच्याच चर्चचा. दारू पिऊन बायकोला, रत्नाला, वर्षानुवर्षं मारायचा. शेवटी त्यानं तिचा हात मोडला, तेव्हा आमच्या संघटनेनं तिला बाहेर काढून नायगावला भावाकडे पोचवलं. ती तिथं शिलाई करून राहत होती. पुढं प्रभाकरचं लिव्हर गेलं. अंथरुणाला खिळल्यावर त्यानं आत्याला बोलावून घेतलं, रडला, विश्वास ठेवतो म्हणाला. आत्यानं त्याला सांगितलं, देवानं तुला माफ केलं.

मी पेटले. तशीच मुदखेडला जाऊन तिच्यापुढं उभी राहिले. "त्यानं तिचा हात मोडला, आत्या! आणि एक वाक्य बोलला नि सुटला?"

"हाव," ती म्हणाली. "सुटला."

असल्या न्यायाला काय म्हणायचं? पण खरा घोळ पुढंच होता. चर्चच्या कमिटीतले सॅम्युअलसर नायगावला गेले आणि रत्नाला म्हणाले, नवऱ्यानं पश्चात्ताप केलाय, आता तू परत येऊन त्याची सेवा कर. कृतीशिवाय विश्वास पोकळ असतो. हे वाक्य माझं होतं! महिलादिनाच्या पत्रकातलं, मीच चर्चच्या दारात उभं राहून वाटलेलं. बायकांच्या हातात दिलेली काठी फिरून बाईच्याच पाठीत बसली.

रत्नाचा फोन आला. "ताई, जावं लागंल का हो? न्हाई गेले तर देव मला दूर लोटंल का?" मी कायदा सांगायला लागले. तिनं मधेच तोडलं, "कायद्याचं न्हाई विचारून राहिले, ताई. देवाचं विचारते." माझ्या कुठल्याच पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. मी आत्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी रत्नाच्या भावाच्या अंगणात आम्ही सगळे बसलो. सॅम्युअलसरही आले होते. आत्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सर, येशूनं हिला तारलं का न्हाई?"

"तारलं की."

"मग आता हिनं काय भरायचं राहिलंय?"

"तसं नव्हे, सुलोचनाबाई. पण विश्वासाची फळं दिसायला नकोत का?"

"फळं झाडाला येतात, सर. सुतळीनं बांधायची नसतात." मग रत्नाकडं वळून म्हणाली, "तू जाऊ नको, पोरी. देव तुझ्यावर रुसत न्हाई. प्रभाकरचं मी बघते."

"तुम्ही? ह्या वयात?" सरांनी विचारलं.

"मला हौस हाय म्हणा."

आणि तिनं बघितलं, शेवटपर्यंत. उलट्या काढल्या, चादरी धुतल्या. त्यावरही मी भांडले. मारणार बाप्या, आणि घाण पुन्हा बाईनंच काढायची? "मग तुझ्या संघटनेतल्या बायांचे बाप्ये धाड की," ती म्हणाली. मी खरंच दोघांना धाडलं. तिनं त्यांच्या हातात झाडू-बादली दिली. रत्ना प्रभाकरच्या मातीलाही आली नाही, आणि तिच्याबद्दल कुजबुजणाऱ्या बायकांना आत्यानं चर्चच्या पायरीवरच गप्प केलं.

आत्याच्या मातीला सॅम्युअलसर साक्ष द्यायला उभे राहिले. तिच्या सेवेचे गोडवे गायले आणि म्हणाले, अशा कामांनीच सुलोचनाबाईंनी स्वर्ग मिळवला. बिचाऱ्यांनी माझीच बाजू घेतली होती. तरी मला चीड आली. निदान आज तरी तिचा देव फुकट राहू द्यायचा!

मागच्या आठवड्यात तिची खोली आवरायला गेले. वाटलं होतं, धूळ साचली असेल. दार उघडं होतं. चटया झटकून भिंतीशी उभ्या केल्या होत्या, खिडकीत तिचा चष्मा पुसून ठेवला होता, आणि रत्ना पदर खोचून फरशी पुसत होती. आत्या गेल्यापासून दर शनिवारी नायगावहून येते म्हणाली. रविवारी बायका इथं प्रार्थनेला बसतात, अजूनही.

"तुला कुणी सांगितलं यायला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?"

मी आत्याच्या खाटेवर बसले. बघ आत्या, ही कृती नाही तर काय, असं मोठ्यानं म्हणावंसं वाटलं. तिनं झाडाचं आणि सुतळीचंच उत्तर दिलं असतं, तेही ठाऊक होतं. पण ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं, मग दुप्पट आवाजात खोडायचं होतं...

"पाय वर घ्या, ताई," रत्ना म्हणाली. "ओलं हाय."