गाडीचा जन्मदाखला

कागदाला एवढा भिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या माणसाचा सर्वांत मोलाचा कागद माझ्याच हातून हरवला, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नव्हती. हा माणूस म्हणजे माझे थोरले साडू. सैन्यात ते ड्रायव्हर होते. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि आष्ट्याच्या मळ्यात ऊस करू लागले. पासष्टच्या लढाईत त्यांनी दारूगोळ्याने भरलेला ट्रक तोफांच्या माऱ्यातून बाहेर काढला होता, असे त्यांच्या पलटणीतले लोक सांगत. त्यांना स्वतःला मात्र त्या दिवसाची आठवण वेगळीच होती. ट्रक बाहेर काढण्याच्या परवान्यावर साहेबांची सही राहिली होती आणि वाटभर त्यांना तेवढीच काळजी होती. "गोळा लागला तर माणूस शहीद हुतो, पाव्हणं," ते मला समजावीत. "सही नसली तर कोठडीत बसतो."

त्यांची सगळी कागदपत्रे बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात असत. डब्याभोवती मेणकापड, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. कोयनेच्या भूकंपात आष्ट्यापर्यंत घरे हलली, तेव्हा साडू हा डबा छातीशी धरून अंगणात पोचले आणि माझी मेहुणी त्यांच्यामागून, आपली आपण. तिने पुढे आयुष्यभर ते ऐकवले. "कागद आदी, बायकू मागनं," ती म्हणे. त्यावर ते शांतपणे म्हणत, "तू पायानं येतीस. कागद येतो का?" लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी घेतली होती. ती घेऊन सांगलीला निघाले की जकात नाक्यावर, कोणी हात न दाखवता, ते गाडी थांबवीत, खाली उतरत आणि लायसनापासून विम्यापर्यंत सारे काही खिडकीतून आत सरकवीत. नाक्यावरचा कारकून कंटाळून गेला होता. "आवं हवालदार, कागद ऱ्हाऊ द्या, गाडीत गूळ हाय का तेवडं सांगा," तो म्हणे. साडूंना ते पटत नसे. न विचारता सोडतो, म्हणजे पुढे कोणीतरी विचारणार, असा त्यांचा हिशेब होता.

जीप घरी आली त्या दिवशी त्यांनी आमच्या सासूबाईंना शब्द दिला होता की पहिला लांबचा पल्ला तुमचा. सासूबाई मेढ्याच्या, त्यांनी जन्मात महाबळेश्वरापलीकडचा देव पाहिला नव्हता. त्यांनी पशुपतिनाथ मागितला. नेपाळ म्हणजे परमुलूख, हे कळल्यावर साडूंची झोप उडाली. त्यांनी गोरखपूरकडच्या एका जुन्या सोबत्याला पत्र घातले. उत्तर आले की आपल्या माणसाला तिकडे जायला कसलाच कागद लागत नाही. फक्त गाडी न्यायची असेल तर हद्दीवरच्या कचेरीत तिचे नोंदणीचे पुस्तक दाखवून चिठ्ठी घ्यावी लागते. या उत्तराने त्यांना धीर यायचा तो पार सुटला. "माणसाला कागद लागत न्हाई?" ते मला म्हणाले. "म्हंजी ह्यात कायतरी गोम हाय." मग त्यांनी डबा भरायला घेतला. देवी टोचल्याचा दाखला, रेशनकार्ड, सैन्यातून सुटल्याचे पुस्तक, शिवाय स्वतःच्या जमिनीचा सातबारा. सातबारा कशाला, असे मी विचारले. "तिकडच्यानी म्हटलं, हितंच ऱ्हानार का, तर दाखवाया. ऊस उभा हाय माजा, मी कशाला ऱ्हातोय?" पोलीस पाटलाकडून त्यांनी सासूबाई आपल्या सासूबाई असल्याचाही दाखला आणला. त्या ऐकून म्हणाल्या, "आवं जावायबापू, माजी लेक तुमच्या घरात हाय, आनि कागद कशाचा?"

मला बरोबर घेतले ते मी साताऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवीत होतो म्हणून. "तुमी सायबाशी बोला, मी गाडी बगतो," असे ठरले. निघताना सासूबाईंनी जीपची पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला. साडू नोंदणीच्या पुस्तकाला गाडीचा जन्मदाखला म्हणत. सासूबाई म्हणाल्या, मग त्यालाही लावायला हवे. साडूंनी ते दोन्ही हातांवर धरले आणि सासूबाईंनी ओल्या बोटाने त्याच्या पहिल्याच पानावर हळदकुंकू लावले. ते पाहून साडूंना हायसे वाटल्याचे दिसले. मला मात्र लाज वाटली. परक्या मुलखाचा अधिकारी ते लाल-पिवळे पान उघडील आणि आम्हांला अडाणी समजेल, हा विचार मला गोरखपूरपर्यंत सोडीना. आज विचार केला तर वाटते, साडू कागदाला भीत होते आणि मी साहेबांच्या नजरेला. आणि दोघांत जास्त भित्रा मीच होतो.

गोरखपूरच्या धर्मशाळेत सकाळी साडू सासूबाईंना चहा पाजायला घेऊन गेले असता मी डबा उघडला. पुस्तकाचे ते पान ओल्या रुमालाने पुसले. अक्षरे शाबूत होती. पान तेवढे भिजले होते. ते उन्हात वाळावे म्हणून मी पुस्तक जीपच्या टपावर उघडे ठेवले, डबा पहिल्यासारखा बांधला आणि अंथरुणे गुंडाळायला आत गेलो. बाहेर हॉर्न वाजला. साडूंना ऊन तापायच्या आत हद्द गाठायची होती. मी घाईने मागे चढलो, सासूबाईंचे गाठोडे मांडीवर घेतले, आणि जीप निघाली.

सोनौलीला हद्दीवर एक आडवा बांबू होता आणि अलीकडे कचेरी. साडूंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा जकात नाका शेवटी समोर आला होता. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, ट्यूबची पट्टी काढली, मेणकापड उलगडले. एकेक कागद बाहेर येऊ लागला. सातबारा आला. सासूबाईंचा दाखला आला. मग डब्याचा तळ दिसला, आणि त्याच क्षणी मला जीपचा टप आठवला. साडूंनी सगळे कागद परत आत घातले आणि पुन्हा काढले. त्यांच्या कपाळावरून घाम सातबाऱ्यावर ठिबकला. दाराशी उभ्या शिपायाने काठी जीपवर आपटून विचारले, "गाडी चोरी की है क्या?" मी तोंड उघडले होते, हे मला शपथेवर सांगता येईल. पण काठीच्या त्या आवाजाने ते मिटले, आणि पुन्हा उघडण्याआधीच साडू खाली मान घालून म्हणाले, "माज्याच हातनं ऱ्हायलं, साब. मेरी गलती." ज्याने दोष आपल्या अंगावर घेतला आहे त्याच्या अंगावर तो राहू देणे किती सोपे असते, हे मला त्या दिवशी कळले.

गावाकडून आर. टी. ओ.ची तार येईपर्यंत जीप कचेरीच्या आवारात अडकली. साडू तिला सोडून येईनात. माणसांना कोणी अडवत नव्हते, म्हणून सासूबाई आणि मी पायी बांबूपलीकडे गेलो आणि बसने काठमांडूला पोचलो. सगळे कागद असलेला माणूस अलीकडे राहिला आणि कागद हरवणारा देवापुढे उभा राहिला. मी डोळे मिटले, पण हात जोडवेनात. परत आल्यावर सासूबाईंनी साडूंच्या हातावर प्रसाद ठेवला. "देवाला सांगिटलं बगा," त्या म्हणाल्या, "माजा डायवर हद्दीवर बसलाय, त्येलाबी दर्शन पोचीव." साडूंनी प्रसाद कपाळाला लावला आणि डब्यात ठेवून दिला.

तार आली आणि जीप सुटली. परतीच्या वाटेवर ते दर गावाला थांबून डबा उघडून पाहत. आष्ट्याला पोचल्यावर महिन्याभरात त्यांनी जीप विकली. पूर्वी त्यांना जगातल्या सगळ्या अधिकाऱ्यांची भीती वाटे, पण स्वतःवर भरवसा होता. आता तो गेला. दाराला कडी लावून ते दारातून परत फिरत. विहिरीवरचे इंजिन बंद केले का, हे मेहुणीला पाहून यायला लावीत. जेवलो का, हेही एकदा त्यांनी तिला विचारले. मी गेलो की हसून म्हणत, "आता माज्या डोक्याचं काय खरं न्हाई, पाव्हणं. सोनौलीलाच ऱ्हायलं ते." प्रत्येक वेळी मी सांगायचे ठरवीत असे. सासूबाई हयात आहेत तोवर नको, असे म्हणालो. त्या गेल्यावर दुःख ताजे आहे म्हणालो. सबबींना मला कधी तोटा पडला नाही.

या हिवाळ्यात मेहुणीचा निरोप आला की साडूंना मिरजेला डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे आणि ते तुम्हांलाच बरोबर बोलावतात. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघे बसलो. त्यांच्या मांडीवर डबा होता. मेणकापड नवे, पट्टी तीच.

"आत गेल्यावर तुमी बोला," ते हळूच म्हणाले. "सुरवात सोनौलीला झाली म्हनावं. माजं बोलनं डॉक्टर कशाला खरं धरंल? तुमी व्हता तितं. तुमी साक्षीदार."

"घाबरलात का?"

"लय. लढाईतबी एवडा न्हवतो." त्यांनी डब्याची पट्टी चाचपली. "येडा म्हनून कागदावर लिवलं तर पुसता येत न्हाई, पाव्हणं."

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. डबा सावरीत ते उठले. मी त्यांची बाही धरली. ते पुन्हा बसले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"पाव्हणं," मी म्हणालो, "गाडीचं पुस्तक डब्यातून मी काढलं होतं. कुंकवाची मला लाज वाटली. पुसून जीपच्या टपावर वाळत ठेवलं आणि विसरलो. तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं. तुमचं डोकं त्या दिवशीही ठिकाणावर होतं. मला कळलं होतं, आणि मी भिऊन गप्प बसलो. माझं चुकलं. मला क्षमा करा."