कपातीची बाजू

सुमनताईंना भीती कशाची वाटत नाही, ते विचारलेलं बरं. लिफ्टची वाटते, बँकेतल्या काचेमागच्या बाईची वाटते. कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याची तर इतकी, की तो नुसता ‘नमस्कार ताई’ म्हणाला तरी यांचं ओळखपत्र आधी बाहेर येतं. थेरगावात संसार मांडला, पोरगं कॉलेजात गेलं, तरी डांगे चौक ओलांडताना या अजून शेजारच्या अनोळखी बाईचा पदर धरतात. हसायला हरकत नाही, गल्लीतले सगळेच हसतात. त्या गुरुवारी मात्र कुणी हसलं नाही.

त्यांना सगळ्यात जास्त भीती एका शब्दाची, कपात. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत त्या ठेकेदारामार्फत कामाला आहेत. वरचे साहेब मीटिंग घेऊन कपात ठरवतात, तेव्हा ती कुठून सुरू होणार हे लाइनवरच्या बायकांना सांगावं लागत नाही. आधी दुपारचा चहा जातो. मग बसची एक फेरी जाते. मग ठेकेदार येऊन काही जणींना ‘ब्रेक’ देतो, म्हणजे घरी बसा, बोलावू तेव्हा या. मीटिंगच्या खोलीतला एसी काही आजवर कापला गेलेला नाही. जो ओरडत नाही त्याचं आधी जातं, आणि सुमनताई जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या.

नवरा भैरू. करमाळ्याकडून दोघं बरोबरच आलेली. त्याची उमेदीची सगळी वर्षं फाउंड्रीतल्या भट्टीपुढे गेली, आणि दोन्ही किडन्या बसल्यावर कंपनीनं नारळ दिला. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी दुपारी पालिकेच्या दवाखान्यात डायलिसिस. यंत्रातून रक्त साफ होऊन परत अंगात येतं, आणि हे सगळं सरकारी योजनेतून, फुकट. बाहेर करायचं म्हटलं असतं तर सुमनताईंचा पगार महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात संपला असता. भैरू जिवंत होता तो त्या योजनेवर.

आणि अशा घरात त्यांच्या पोटचा पोरगा आरशापुढे उभा राहून सांगायला लागला, “मित्रहो, कपात झाली पाहिजे, आणि ती आजच झाली पाहिजे!”

ज्ञानेश आकुर्डीच्या एका कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. तिथं वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय होता, देशावरचं कर्ज सरकारनं कसं कमी करावं. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे पोरगा आरशापुढे, बाप मागं खाटेवर आणि आई ओट्याशी, अशी रोज तालीम व्हायची.

“तिजोरीत आलेल्या रुपयातला मोठा वाटा नुसतं व्याज खातं. ते व्याज भरायला पुन्हा कर्ज! उधारीवर दानधर्म किती दिवस चालणार? फुकटच्या योजना बंद करा. जे परत काहीच देऊ शकत नाहीत, त्यांच्यावर किती काळ ओतत राहणार?”

पोरगं बोलायला मोठं तिखट. हात असा उचलायचा की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं, चूक आपलीच आहे. अरे, बापासमोर तरी हे बोलू नको, एवढंच सुमनताईंना म्हणायचं होतं. पण पोराचा उत्साह जाईल, पोरगं चिडेल, आपल्याला यातलं काय कळतंय, असल्या भीतीनं तोंड उघडलं नाही. भाकरी तेवढ्या करपत राहिल्या. भैरू मात्र खूश.

“पुन्यांदा म्हन रं,” तो खाटेवरून म्हणायचा. “त्ये वतत ऱ्हानार वालं.”

पोरगं पुन्हा म्हणायचं.

सोमवारी डायलिसिस झालं की मंगळवारी भैरूचे पाय हलके दिसायचे. त्या मंगळवारी ते टम्म फुगलेले. “जरा खारट खाल्लं,” तो म्हणाला. सुमनताई दुसऱ्या शिफ्टला, त्या घरातून निघाल्यावर शेजारचे रिक्षावाले बबनराव त्याला दवाखान्यात सोडायचे. बबनरावांना विचारावं असं त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा आलं, पण काय ऐकायला मिळेल या धास्तीनं त्यांनी विचारलं नाही. बुधवारी भैरूला आडवं पडून श्वास घेता येईना. तो भिंतीला टेकून बसून राहिला.

गुरुवारी सकाळी स्पर्धा. भैरू इस्त्रीचा शर्ट घालून तयार. दुपारी दवाखाना आहे, घरी पडून राहा, असं सुमनताई चाचरत म्हणाल्या. त्यानं ऐकलं नाही. सुजलेल्या पायात चप्पल जाईना म्हणून ती मागून चेपून घातली आणि बबनरावांच्या रिक्षात बसला.

सभागृहात दोघं मागच्या रांगेत बसले. आधी उत्कर्षा नावाची मुलगी बोलली. कर्ज कमी करायचं म्हणजे माणसं कमी करायची नाहीत, असं तिचं म्हणणं. ज्यांनी कर बुडवलाय त्यांच्याकडून वसूल करा, उधळपट्टी थांबवा, लोकांना दवाखाने आणि शाळा द्या, धडधाकट माणूस कमावतो आणि त्याच्या कमाईतून तिजोरी भरते. सुमनताईंना वाटलं, हिला उठून मिठी मारावी. पण मुलगी हळू बोलत होती आणि मागची पोरं मोबाइल बघत होती.

मग ज्ञानेश उठला आणि सभागृह त्याचं झालं. ‘ओतत राहणार’ला तर शिट्ट्या पडल्या. निकाल लागला, पहिला नंबर ज्ञानेशचा. भैरूनं टाळ्या वाजवल्या, पण चारदोनच. पुढं त्याला दम पुरेना. ओठ निळसर पडले होते.

“चला, तुमची डायलिसिसची वेळ होत आली,” सुमनताई म्हणाल्या.

“न्हाई जायचं.” तो एकेक शब्द श्वासाला अडखळत बोलत होता. “सोमवारी बी न्हाई गेलो. बबनरावला म्हनलं, सुट्टी हाय. आगं, पोरगं शिकल्यालं हाय, त्ये काय खोटं बोलतंय? सरकार कर्ज काढून माझं रगत धुतंय. म्या परत काय देनार? आपल्यापासनं तरी कमी व्हवं.”

व्यासपीठावर पाहुणे ज्ञानेशच्या हातात करंडक देत होते, फोटोवाला ‘इकडे बघा’ म्हणत होता. आणि जिच्या तोंडून घरातही कधी मोठा शब्द निघाला नव्हता, ती बाई भरल्या सभागृहात खुर्चीवर चढून ओरडली, “ज्ञानेशऽऽ! खाली उतर! तुझा बाप मरतोय!”

दवाखान्यात सिस्टरनं भैरूला पाहिलं आणि आधी यंत्राकडे धाव घेतली. सुया टोचून झाल्यावर ती बोलली, “सोमवारी कुठं होता? छातीत पाणी चढलंय यांच्या. आजची रात्र निघाली नसती.” दुपार सरत आली तसा भैरूची धाप थोडी खाली बसली. डोळा लागला.

ज्ञानेश तोवर भिंतीशी उभा होता. करंडक तो कुठं विसरून आला हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आता तो आईजवळ येऊन खाली बसला.

“आई, मला तसं वाटत नाही गं. देवाशप्पथ नाही वाटत. बाजू आम्ही निवडल्या नव्हत्या, सरांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला कपातीची आली. उत्कर्षाची आली असती, तर तीही मी इतक्याच जोरात बोललो असतो.”

हे ऐकून आईला बरं वाटेल असं त्याला वाटलं. सुमनताईंना मात्र त्याचीच जास्त भीती वाटली. पोराचं मत तसं असतं तर त्या भांडल्या असत्या, रडल्या असत्या, कधीतरी ते बदललंही असतं. इथं मत नव्हतंच.

“ज्ञानेश,” त्यांनी विचारलं, “तिकडं वर बसून ही कपात जे ठरवत्यात, त्यांनाबी त्यांची बाजू अशीच आल्याली असती का रं?”

“नाही गं आई. तसं... तसं नसतं,” ज्ञानेश म्हणाला.

सभागृह गाजवून आलेलं पोरगं या एवढ्याशा वाक्यात अडखळलं. सुमनताईंनी भैरूचा मोकळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि कुणी येऊन यंत्र बंद करील की काय, म्हणून त्या दाराकडे बघत बसल्या.