परकराच्या नाडीने बसवलेली काच

मंडळी, आज ह्यांच्या गाडीला पुढची काच बसली. सुटे भाग जमवून ह्यांनी ती गाडी पार्किंगमध्ये स्वतः जोडली होती. काच तेवढी राहिली आणि हे गेले.

मी वाचून काढलं. काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत दोरी घालायची, बाहेरून काच दाबायची, आतून दोरी ओढायची, की रबर पत्र्यावर चढतं. घरातली दोरी जाड निघाली, म्हणून परकराची नाडी घेतली.

काच दाबायला आलेले शेजारचे सबनीस दचकले. "अहो वहिनी, नाडी?"

"तुमच्या लेंग्याची देता का? जपून दाबा, फुटली तर दुसरी मिळायची नाही."

काच बसली. सबनीस हळहळले, "आज ते हवे होते."

"असते तर अजून मापंच घेत बसले असते," मी म्हणाले, आणि स्वच्छ काच पुन्हा पुसली.

आता मला गाडी कोण शिकवेल? ओरडणारे असले तरी चालेल. घरात फार शांतता झाली आहे.