क्लचवरचा पाय

"अगं, तू? तू इथे काय करतेस?"

मी नुकतीच गाडीतून उतरलेले. डावा पाय अजून लटपटत होता. चढावर गाडी मागे गेलेली, शेजारी बसलेल्या आरटीओच्या साहेबांनी स्वतः ब्रेक मारलेला, आणि कागदावर काहीतरी खरडून ते म्हणाले, आठ दिवसांनी परत या. म्हणजे नापास. लायसनच्या मैदानात पंचवीस-तीस माणसं रांगेत उभी होती, त्यातून हा आवाज आला.

तेराव्या मजल्यावरच्या मॅडम. बाळकुमच्या ज्या टॉवरमध्ये मी रोज सकाळी गाड्या पुसायचे, तिथल्या. त्यांची पांढरी गाडी मी सहा वर्षं पुसली. त्या दिवशी त्यांच्या मुलीची टेस्ट होती म्हणून आलेल्या. मी म्हटलं, टेस्ट द्यायला आलेले मॅडम. त्यांनी मुलीकडे बघितलं, हसल्या, इंग्रजीत काहीतरी बोलल्या. मग मराठीत, रांगेला ऐकू जाईल असं:

"फडकं मारणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं. तुम्हा लोकांना आता सगळंच पाहिजे झालंय."

तुम्हा लोकांना. गाड्या पुसणारे, असं म्हणायचं असेल, असं मी स्वतःला समजावलं असतं. पण मला आठवत होतं. त्यांची गाडी पुसायला लागले त्या आठवड्यात त्यांनी आडनाव विचारलेलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." दुसऱ्या दिवशी वॉचमनने सांगितलं की सोसायटीची बादली घ्यायची नाही, स्वतःची आणायची. बाकीचे दोघं पुसणारे सोसायटीचीच बादली वापरायचे. तो अच्छा मला कळतो. आमच्या कळव्याच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही कळतो.

मी काही बोलले नाही. मान खाली घालून बाहेर आले आणि बसस्टॉपपर्यंत चालत गेले. बोलले नाही, याचाच राग आजही येतो. आता हे सांगताना पण येतोय.

लायसन कशाला हवं होतं, तेही सांगते. हौस नव्हती. नवरा जाऊन सात वर्षं झाली. अकरा वर्षं मी गाड्या पुसतेय. सकाळी पाच ते नऊ, बावीस गाड्या, थंडी असो की काही असो. हाताची कातडी बघा, सगळी भेगाळलेली. खांदा वर जात नाही. कळव्यात आजी-आजोबांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे. त्यांची व्हॅन आहे, म्हाताऱ्या माणसांना घरून आणायची, संध्याकाळी सोडायची. तिथल्या बाईंना बाईमाणूसच ड्रायव्हर हवी होती, आज्यांना हात धरून चढवायला उतरवायला. मला म्हणाल्या, लायसन आणा, महिनाअखेरपर्यंत थांबते. एवढंच. बसून करायचं काम. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला बसून करायचं काम देत होतं.

म्हणून ड्रायव्हिंग स्कूल लावलेलं. एकवीस दिवस. शिकवणारा मास्तर माझ्याहून लहान. रोज म्हणायचा, मॅडम, तुम्ही फक्त स्टेअरिंगवर लक्ष द्या. मी दिलं. गाडी चालायची, वळायची, चढावर पण छान चढायची. मला वाटलं, आपल्याला जमलं की. चाळीत सगळ्यांना सांगत सुटलेले.

आणि चालवत होता तो. शाळेच्या गाडीला त्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. एकवीस दिवस त्याचाच पाय क्लचवर होता. माझा पाय नुसता त्यावर ठेवलेला, खाली-वर होत होता, आणि मी खुळी समजत होते की मीच दाबतेय. टेस्टच्या दिवशी साहेब बाजूला बसले आणि मास्तर मागे. चढावर साहेब म्हणाले, थांबवा, आता पुढे घ्या. मी क्लच सोडला. गाडी मागे.

नंतर मास्तरला जाब विचारला तर तो हसला. म्हणाला, सगळ्यांचं असंच असतं मॅडम, टेस्टला पण आम्हीच दाबतो, त्या दिवशी नेमके साहेब आत बसले, तुमचं नशीब खराब. असं म्हणून पुढच्या माणसाला गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर पार्किंगमध्ये सगळ्यांना माहीत. मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं. वॉचमन म्हणाला, काय ड्रायव्हर मॅडम. तो आपला गमतीने म्हणाला, त्याचं काही नाही. पण गाड्या पुसून झाल्यावर सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावलं.

सेक्रेटरी रिटायर्ड गृहस्थ, एकदम शुद्ध बोलणारे. कधी आवाज चढवला नाही त्यांनी. माझ्याकडे सात गाड्यांच्या चाव्या असायच्या, रविवारी आतून साफ करायला. त्यांनी समोर एक टाइप केलेला कागद ठेवला आणि वाचूनही दाखवला. मी कोणत्याही वाहनाच्या चालकाच्या आसनावर बसणार नाही. आतील सफाई दरवाजाबाहेर उभे राहून करीन. गाडीस काही नुकसान झाल्यास जबाबदारी माझी राहील.

"आमचा तुमच्यावर अविश्वास आहे असं मुळीच नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही शिकताय म्हटल्यावर लोकांना काळजी वाटणारच."

मी विचारलं, पायाखालची मॅट कशी काढायची मग? ते म्हणाले, वाकून.

वाकून. अकरा वर्षं मी त्या गाड्यांभोवती वाकलेलीच आहे. सीटवर कधी बसलेही नाही, गुडघा टेकवून साफ करायचे. अंगठी काढून ठेवायचे, ओरखडा येऊ नये म्हणून. बांगड्या सोडल्या. ओढणी कमरेला खोचून घ्यायची, पिनसुद्धा लावायची नाही. ओरखड्याच्या भीतीने झोपेतून उठलेय मी कधी कधी. आणि हे मला कागद देतात!

पेन माझ्या हातात होतं. घरी पोरगी नववीत. महिनाअखेरला लायसन मिळेल की नाही, देव जाणे. सही केली असती तर काम राहिलं असतं. हे सगळं डोक्यात आलं. आलं नाही असं मी म्हणणार नाही.

मी पेन खाली ठेवलं. चाव्यांचा जुडगा काढला आणि त्या कागदावर ठेवला.

"अकरा वर्षांत माझ्या हातून एक ओरखडा आलेला दाखवा. मग सही करते."

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. मी बादली उचलली आणि बाहेर आले. माझी बादली, मीच आणलेली.

गेटबाहेर कट्ट्यावर बसले. रडू येत नव्हतं, नुसता थकवा. तिथेच नाना टेम्पो लावून उभे होते. नाना बाळकुमच्या कोळीवाड्यातले, पासष्टीच्या पुढचे, पहाटे मासळी बाजारात पोचवून आल्यावर तिथे चहा पितात. कधीमधी मी त्यांची काच पुसून द्यायचे, तेवढीच ओळख. काय झालं म्हणून विचारलं त्यांनी. मी सांगून टाकलं, सगळं. नाना टॉवरकडे बघत राहिले. त्या टॉवरच्या जागी त्यांच्या काकाची भातशेती होती म्हणतात. मग म्हणाले, दुपारी टेम्पो रिकामा असतो, ये. लर्निंगचा कागद घेऊन ये.

खाडीकडे उतरणारा एक रस्ता आहे, दुपारी सामसूम असते. नानांनी टेम्पोला पुढेमागे लाल एल चिकटवलं. चढावर उभा केला. मग खाली उतरून मागच्या चाकामागे नारळाची करवंटी ठेवली, चार बोटं सोडून. म्हणाले, ही फुटली नाही पाहिजे. बस.

पहिल्या दिवशी पाच फुटल्या. कर्र आवाज व्हायचा आणि मी ब्रेकवर उभीच राहायचे. टेम्पोत मासळीचा वास, घाम. नाना ओरडले नाहीत कधी. घरून पिशवी भरून करवंट्या आणायचे. म्हणाले, तुझ्या करवंट्यांपायी घरची म्हातारी रोज सोलकढीच करतेय.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, तू बसल्या बसल्या काय करतस, बघ. मी बघितलं. मी स्टेअरिंग पुसत होते. ओढणीच्या टोकाने. मग डॅशबोर्ड. मग काच. रोज करत असणार, मला पत्ताच नव्हता.

"गारी पुसू नको," नाना म्हणाले. "चालव. कनाला घाबरतस गो? तिला काय व्हयत नाय."

मला वाटायचं, मी चालवायला घाबरते. तसं नव्हतंच. मला गाडीला हात लावायचीच भीती होती. अकरा वर्षं माझ्या हातांना एकच शिकवलेलं, ही दुसऱ्याची आहे, जपून, लांबून. ते हात आता स्टेअरिंग धरायला गेले तरी आधी माफी मागत होते. मॅडम ते वाक्य बोलल्या ते मी नापास झाल्यावर. आधीपासूनच त्यांचं म्हणणं माझ्या हातात भरलेलं. याची मला फार चीड आली. त्यांची आली त्याहून जास्त, स्वतःची.

दुसऱ्या दिवसापासून ओढणी घरी ठेवून यायला लागले. सातव्या दिवशी क्लच कुठे पकडतो ते पायाला कळलं. आवाज बदलतो, गाडी जराशी पुढून उचलते, तिथेच थांबायचं, मग हँडब्रेक सोडायचा. करवंटी राहिली. नंतर एक फुटली. मग तीन राहिल्या. असंच चाललं, काही जादू झाली नाही.

टेस्टला गाडी शाळेचीच घ्यावी लागली, फी भरलेली. महिना संपायला चार दिवस होते. केंद्राच्या बाईंचे दोन फोन येऊन गेलेले, दुसरी एक जण विचारून गेलीय म्हणाल्या. रांगेत नंबर आला, मी बसले, मास्तर बाजूला बसला. साहेब या वेळी बाहेर, चढाच्या खाली उभे होते.

मास्तर हळूच म्हणाला, "आज साहेब बाहेर आहेत. मी सांभाळतो. तुम्ही फक्त स्टेअरिंग धरा."

खोटं कशाला बोलू, मन झालं. कुणाला कळणार होतं? दोन मिनिटांचं काम. लायसन हातात, सोमवारपासून व्हॅन. पण व्हॅनमध्ये सहा म्हातारी माणसं बसणार, आणि त्या व्हॅनला पलीकडे क्लच नसणार. तिथे चढावर कोण सांभाळणार होतं?

"दादा, पाय वर घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"पाय. सीटवर घ्या. मांडी घालून बसा."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. तो म्हणाला, नापास झालात तर मग मला बोलायचं नाही. मी म्हटलं, नाही बोलणार. त्याने चपला काढल्या आणि चडफडत मांडी घालून बसला.

माझा डावा पाय तेव्हाही थरथरत होता. थरथरू दे. आज गाडी मागे गेली तर आठ दिवसांनी येईन. तेव्हाही गेली तर त्याच्या पुढच्या आठ दिवसांनी. ही नोकरी हातची गेली तर दुसरी शोधीन, आणि तोवर कुठेतरी गाड्याही पुसेन. पण सही करून पुसणार नाही, आणि दुसऱ्याच्या पायांनी पास होणार नाही. एवढं ठरवलं, क्लच पूर्ण दाबला आणि पहिला गिअर टाकला.