केबल ढिली होती

आता आमच्या लॅबमध्ये हातोडी मारायलाही यंत्र आलंय. बटण दाबलं की बरोबर एक ठोका. नवी पोरं खूश आहेत. मी मात्र त्या यंत्राकडे बघून दर वेळी मनात म्हणते, मेल्या, तुला काय कळतंय त्यातलं.

कारण मी हे काम मामांकडून शिकले. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळ्या लॅबचेच मामा. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पंपाचा सांगाडा असो की पंख्याचं पातं, ते रबरी दोऱ्यांवर टांगायचं, मेणाने त्याला सेन्सर चिकटवायचा, खडूने आकडे घालायचे आणि प्रत्येक आकड्यावर, कॉम्प्युटरला केबलने जोडलेल्या छोट्या हातोडीने ठोका द्यायचा. प्रत्येक वस्तूची थरथरायची आपली अशी लय असते. ती मोटरच्या वेगाशी जुळली की त्या वस्तूचे दिवस भरले म्हणून समजायचं. ती लय आधीच शोधून काढायची, यावर आमचं पोट.

पण ठोका एकच हवा. हातोडी जराशी पुन्हा टेकली, की स्क्रीनवर एका सुळक्याशेजारी दुसरा उभा राहतो आणि ते मोजमाप वाया जातं. पहिल्या महिन्यात माझे निम्मे ठोके दुहेरी पडायचे. मामा वैतागायचे. "अगं, दार ठोठावतेस का? एकदा मार आणि हात काढून घे." मला असा राग यायचा की काय सांगू. मामी एकदा म्हणाल्या, "तू मनावर घेऊ नकोस गं. हे पातेलं घ्यायला आले तरी आधी दुकानभर टकटक करत फिरतात. दुकानदार मला बघूनच हात जोडतो."

पुढे मला कॉम्प्युटरवर बसवलं. मामा ठोकायचे, मी स्क्रीन बघायची. किती सुखाचे दिवस होते ते. अकरा वर्षं प्रत्येक सुळका एकटा आणि सरळ.

मामांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते, तेव्हा एका सकाळी स्क्रीनवर दुसरा सुळका आला. मी वर बघितलं. मामांचा हात थरथरत होता.

"मामा, केबल ढिली होती," मी म्हणाले. "परत मारा."

नव्या साहेबांचा दंडक होता, ज्याच्या हातून मोजमापं पुन्हा पुन्हा बिघडतील त्याची रवानगी गोदामात. एकतीस वर्षांनंतर मामांनी गोदामात खोकी रचत बसायचं? मग रोज तेच. बिघडलेला ठोका पुसायचा, केबलला दोष द्यायचा, नीट ठोका मिळेपर्यंत थांबायचं. रिपोर्टमध्ये एक आकडा खोटा गेला नाही, बिचारी केबल तेवढी बदनाम झाली. इतकी, की साहेबांनी नवी मागवली. ती आली त्याच दिवशी तीही ढिली निघाली. मामा दर वेळी उठून केबलचं टोक मुकाट्याने आवळायचे.

गोदामात जायची वेळ त्यांच्यावर आली नाही. शेवटच्या आठवड्यात एक भला मोठा सांगाडा आला, शहाण्णव आकड्यांचा. एकतिसाव्या आकड्यावर मामा थांबले. हातोडी फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"आता तू मार. मी स्क्रीन बघतो."

"मामा, अकरा वर्षांत हात लावला नाहीये मी तिला."

"मार गं."

ते चष्मा लावून माझ्या खुर्चीत बसले. मी ठोका मारला. हाताला तेव्हाच कळलं, हातोडी दोनदा टेकली होती. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

मामांनी स्क्रीनकडे बघितलं. पुसायचं बटण कुठलं ते त्यांना पाठ होतं. ते दाबून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"केबल ढिली होती," ते म्हणाले. "परत मार."

मला समोरचा खडूचा आकडाच दिसेना.