भिंतीवर आपटलेला बॉल

अकरावी सायन्सला फिजिक्स शिकवून मला एकोणीस वर्षं झाली आणि एवढी वर्षं एकच गणित माझं डोकं उठवतं. मोमेंटम आणि इम्पल्सच्या धड्यातलं. बॉल भिंतीवर दहाच्या वेगानं आपटला, तेवढ्याच वेगानं उलटा आला, तर मोमेंटममध्ये बदल किती? निम्मा वर्ग शून्य लिहितो. मी दिशा, उणे चिन्ह, दुप्पट, सगळं फळ्यावर मांडते. पोरं माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा शून्य.

यंदा एका पोरीनं मान डोलावली नाही. गडमुडशिंगीहून बसनं यायची, कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. उभी राहून म्हणाली, "मॅडम, दहानं गेला, दहानं आला. बॉल हाय तसाच हाय की. बदललं काय?"

मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा उभी. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला. चौथ्या वेळी तास संपायला पाच मिनिटं होती, पोर्शन मागं पडला होता, आणि मी म्हणाले, "उणे चिन्ह पाठ कर. मार्क मिळतील. समजून काय करायचंय तुला?"

हे आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

चाचणीत तिनं शून्यच लिहिलं. पाठ करायला काय धाड भरली होती, असं मी स्टाफरूममध्ये बडबडलेसुद्धा. आठवड्यानं ती आर्ट्सला जायचा अर्ज घेऊन आली. तिला फिजिओथेरपी करायची होती. सायन्स सोडलं की तो रस्ता बंद. मला ते माहीत होतं. "मला न्हाय जमायचं हे, मॅडम," म्हणाली. मी दोनदा "विचार कर" म्हटलं आणि सही केली.

त्याच शनिवारी मॅच होती. मी गोलच्या मागं उभी होते. एक जोरकस फटका तिनं हात मागं घेत पोटाशी धरला. पुढचा मुठींनी परत हाणला आणि बराच वेळ मनगट झाडत राहिली. मी चमकलेच. हाफटाइमला तिच्याकडं जवळजवळ पळत गेले.

"दुसऱ्याला जास्त लागलं ना?"

"व्हय तर." तिनं ग्लोव्ह्ज काढले. "पयला नुसता थांबवला, त्यो बी हात मागं घेत, सावकाश. दुसरा थांबवायचा आणि वर परत धाडायचा बी. एका झटक्यात."

"थांबवायला जेवढं लागतं, तेवढंच परत धाडायला लागतं."

ती आपल्या मुठीकडं बघत राहिली. "म्हंजी दुप्पट. भिंतीला बी."

पोरीला लख्ख समजलं होतं. मला तरी आधी कुठं समजलं होतं? एवढी वर्षं मी नुसतं चिन्हच शिकवत होते. "सोमवारी ऑफिसात जाऊ, अर्ज परत घेऊ," मी म्हणाले.

"कालच शेवटची तारीख हुती, मॅडम. माझी सायन्सची शीट दिली बी दुसऱ्याला." तिनं ग्लोव्ह्ज पुन्हा चढवले. "चार मिन्टाचं तर काम हुतं. वर्गात का न्हाय सांगितलं तुमी?"

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.