कचरूमामाचं जहाजावरचं बोलावणं

कचरूमामाला जाऊन चार महिने झाले. अजून बी कोणी क्रूझला निघालं की हसनाबादला फोन करतं अन् इचारतं, मामा हायेत का, काय काय संग घ्यायचं ते सांगा म्हणावं. मामा तं न्हाईत. म्हणून हे लिहून ठेवलं, जसं झालं तसं.

मामा म्हंजे हसनाबादचे आचारी. थोडं शेत व्हतं, पण नाव झालं ते लग्नाच्या सैपाकात. आसपासच्या गावात लगीन निघालं की लोक तारीख धरायच्या अगोदर मामाला इचारायचे, मोकळे हायेत का. हजार माणसाच्या वरणात मीठ किती हे ते मुठीनं टाकायचे, अन् चाखून न्हाई, नुस्ता वास घेऊन सांगायचे का बराबर झालं. अन् त्याहिचा एक कायदा व्हता. बोलावल्याशिवाय पंगतीला कोणी बसायचं न्हाई, अन् बोलावल्याशिवाय कोणी राहायचं बी न्हाई. मानाच्या माणसाला घरच्यानं जाऊन, हात धरून आणायचं.

अन् त्याच मामाच्या घरच्या लग्नात गडबड झाली. मामा क्रूझला गेले त्याच्या अकरा वर्षं अगोदर त्याहिच्या पोरीचं लगीन. सख्खी बहीण गोजराबाई, म्हंजे आमची आई, आष्टीहून आल्ती. आतल्या खोलीत नवं लुगडं नेसून बसल्ती, बोलावणं येईल म्हणून. मामा चुलीपशी. त्याला वाटलं पोरानं, कल्याणनं बोलावलं. कल्याणला वाटलं मामीनं बोलावलं. मामीला वाटलं घरचीच बाई हाय, बसली असंल कुठंतरी. नऊशे माणूस जेवून गेलं अन् आई उपाशी. संध्याकाळच्या गाडीनं आष्टीला निघून आली.

तवापासून भाऊबीज बंद. मामा दोनदा आष्टीला आले. आईनं दार उघडलं, पाणी दिलं, बोलली न्हाई. मामी वारली तवा गेल्ती, लई रडली, अन् चहाचा घोट न घेता माघारी आली. मामाच्या जिवाला हेच लागलेलं. म्हणायचे, "साऱ्या तालुक्याला वाढलं अन् बहिणीला उपाशी धाडलं. मरायच्या अगोदर गोजरानं माझ्या हातचा एक घास खावा, बस. बाकी काही न्हाई पाहिजे."

मंग मागच्या साली दसऱ्याच्या अगोदर हे क्रूझचं निघालं. कल्याणचं बी-बियाणाचं दुकान हाय. नवीन जालन्यातल्या एका कंपनीनं दुकानदाराला स्कीम दिल्ती, येवढ्या बॅगा इका अन् फॅमिली घेऊन मुंबई-गोवा जहाजानं फिरा. कल्याणला पाच माणसाची जागा लागली. तो, त्याची बायको प्रियदर्शनी, पोरगी आकांक्षा, मामा. पाचवी जागा कल्याणच्या सासूची व्हती, पण ती म्हणली मला हापशाच्या पाण्याची भीती वाटती, समुद्राचं नावच काढू नका. मंग कल्याण मामाला न सांगता आष्टीला आला. नारळ आणला, कुंकू आणलं, आईच्या पाया पडला.

आई म्हणली, "तू बोलवायला आला म्हणून येते. तुझ्या बापासाठी न्हाई."

जालना टेसनवर मामानं बहिणीला पाह्यलं तं हातातली पिशवीच खाली ठेवली. आईनं तिकडं तोंड फिरवलं अन् आकांक्षाला म्हणली, "तुझ्या आजोबाला सांग, पिशवी वाटंतून उचल. लोक पडतेन."

त्या पिशवीत चाळीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी अन् ठेचा व्हता. मामानं रात जागून केल्ता. कोणासाठी ते सांगायला नको. पण मुंबईच्या बंदरावर सामान तपासणारा पोऱ्या म्हणला, "काका, बाहेरचं खाणं आत न्हाई चालत."

"अरे, घरचं हाय. बाहेरचं कुठं हाय?" मामा म्हणले.

तो हसला, पण ऐकला न्हाई. मंग मामानं तिथंच सतरंजी टाकली अन् जे दिसंल त्याला धपाटा दिला. परतूरचा राधेश्याम नावाचा दुकानदार व्हता, तो येकटाच सहा खाऊन गेला. आईपुढं मामानं दोन धपाटे नेले.

"आकांक्षा," आई म्हणली, "सांग त्याला, मला भूक न्हाई."

 ते दोन धपाटे मामानं राधेश्यामला देले.

दुसरी चूक बॅगांची झाली. मोठ्या बॅगा बंदरावरच जहाजवाले घेतात अन् संध्याकाळपर्यंत खोलीत आणून टाकतात. मामाची बीपीची गोळी, आईचं स्वेटर, आकांक्षाचे पोहायचे कपडे, सारं मोठ्या बॅगात. पोरगी पोहायच्या टाकीपुढं उभी राहून रडू लागली. आत एसी असा का आईचे दात वाजू लागले. तवा ध्यानात आलं का गोळ्या, एक जोड कपडे, अंगावर घ्यायचं अन् आधार कार्ड, हे हातातल्या पिशवीत पाहिजे. मामाची गोळी राधेश्यामपशी भेटली, नशीब का तीच व्हती.

खोल्या दोन व्हत्या. कल्याणनं मुद्दाम आई अन् मामाला येका खोलीत टाकलं. म्हणला, दोघं बी म्हातारे, खाली-वर नको. खरं तं त्याच्या मनात येगळंच व्हतं. खोलीत दोन खाटा, मधी हातभर जागा. आईनं आपली खाट धरली अन् भिंतीकडं पाहून म्हणली, "कोणाला एसी कमी करता येत असंल तं करा."

मामानं भिंतीवरचं बटन फिरवलं. गार आणखीनच झालं.

"येवढं बी येईना कोणाला," आई भिंतीला म्हणली.

मामा गुपचूप बाहेर गेले अन् आकांक्षाला घेऊन जहाज पाहू लागले. त्याला सगळ्यात आवडलं ते जेवायचं दालन. येवढी मोठी पंगत, अन् वाढपी येक न्हाई! सारं मांडून ठेवेल, ज्यानं त्यानं ताट घेऊन जायचं. मामा पहिले साऱ्या टेबलांना चक्कर मारून आले, काही न घेता. हे त्याहिचं बराबर व्हतं. लोक पहिल्याच टेबलावर ताट भरून घेतात अन् मंग पुढं जिलबी दिसती तवा जागा राहत न्हाई. तीन वाजता दुपारचं जेवण बंद, असं पाटीवर लिहेल व्हतं, ते आकांक्षानं वाचून दाखवलं.

अडीचला कल्याण अन् प्रियदर्शनी आले. चौघं बसले. मामानं भात कालवला, घास हातात घेतला, अन् समोरच्या खुर्चीकडं पाह्यलं. खुर्ची रिकामी.

"गोजरा कुठं हाय?"

कल्याण म्हणला, "प्रिया आणणार व्हती ना?"

प्रियदर्शनी म्हणली, "मला वाटलं मामंजीच्या खोलीत हायेत तं मामंजीच आणतेन."

मामाला वाटलं व्हतं सून आणंल.

 मामानं हातातला घास ताटात खाली ठेवला.  अकरा वर्षांखाली जे झाल्तं तेच, तसंच, पुन्हा. अन् आई तिकडं खोलीत बसेल, बोलावणं येईल म्हणून. फोन लावावा तं आईचा फोन मोठ्या बॅगात.

कल्याण उठला. मामानं त्याला खाली बसवलं. "तू बस. कोणी ताटाला हात लावू नका. हे माझं काम हाय."

निघाले तं जल्दी, पण खोली सापडंना. जहाजावरच्या गल्ल्या साऱ्या सारख्या, दारं सारखे, खालचा गालिचा बी सारखा. दार उघडायच्या कार्डावर खोलीचा नंबर लिहेल नसतो. मामानं नंबर पाह्यला नव्हता, मजला बी पाह्यला नव्हता. खोलीत शिरायच्या अगोदर दाराचा फोटो काढून घ्यावा, हे शहाणपण मंग आलं. तवा तं मामा जिन्यानं वर, जिन्यानं खाली, टोपी हातात, घामानं अंगरखा ओला. येका दारावर वाजवलं तं आतून कोणी गुजराती बाई आली. मामानं हात जोडले. दुसऱ्या दारावर कोणी न्हाईच. घड्याळात पावणेतीन.

मंग येका गल्लीच्या टोकाला त्याला चपला दिसल्या.

साऱ्या जहाजात येकाच दाराबाहेर चपला काढेल व्हत्या. आष्टीच्या बाजारातल्या, निळ्या पट्ट्याच्या, जोडीनं नीट भिंतीला लावून ठेवेल. लोकाच्या खोलीत चपला घालून कोण जाईल, असं आईचं. मामा तिथंच उभे राह्यले, धाप लागल्ती, अन् त्याला हसू आलं अन् रडू बी आलं. टोपी नीट केली. दार वाजवलं.

आईनं दार उघडलं. हातातल्या पिशवीतलं नवं लुगडं नेसेल व्हतं.

मामा लग्नाच्या पाव्हण्याला म्हणावं तसं म्हणले, "गोजराबाई, पान वाढलंय. चला जेवायला."

आई त्याच्याकडं पाहत राह्यली. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याच्या तोंडाकडं.

"अकरा वर्षं लागले का रे दादा पान वाढायला?"

मामा म्हणले, "पंगत मोठी व्हती."

"जेवले का सारे?"

"न्हाई. कोणीच न्हाई. तू आल्याशिवाय कोणी हात लावला न्हाई."

"खोटं बोलतो."

"भात कालवलाय फक्त. घास खाली ठेवून आलो. पोरीची आण."

"थांब मंग," आई म्हणली. "पदर नीट घेऊ दे. अन् तू तोंड पूस, येड्यासारखा दिसून राह्यला."

पोचले तवा पोरं टेबलं पुसू लागल्ते. जिलबी संपल्ती, पुऱ्या संपल्त्या. मामानं त्यातल्या येकाला हात जोडले, "बाबा, माझी बहीण हाय." त्यानं वरण-भात अन् वांग्याची भाजी मागं ठेवली. मामानं स्वतः पळी हातात घेतली. त्या पोऱ्यानं बी घेऊ देली. मामानं बहिणीचं ताट वाढलं, अन् पहिला घास स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाजवळ नेला.

आईनं खाल्ला. सावकाश खाल्ला. मंग म्हणली, "मीठ कमी हाय."

"मी न्हाई केलं."

"तू करतो तवा मुठीनं टाकतो, सारं खारट."

"नऊशे माणूस खाऊन गेलं, येक म्हणला न्हाई."

"मी कुठं खाल्लं व्हतं? मला इचारलं असतं तं सांगितलं असतं!"

कल्याण येवढा हसला का त्याला ठसका लागला. प्रियदर्शनी पदरानं डोळे पुसून राह्यली व्हती.

त्यानंतर तीन दिस दोघांचं तोंड बंद झालंच न्हाई. सकाळी वरच्या मजल्यावर खुर्च्या टाकून भांडायचे, दुपारी खोलीत भांडायचे. दुसऱ्या दिवशी जहाज हललं तवा कल्याण आडवा झाला, उलट्या करू करू. मामा म्हणले, उपाशी ठेवा. आई म्हणली, उपाशी पोटानं आणखी मळमळतं, कोरडी पोळी द्या. आईचं बराबर निघालं. त्याला मधल्या भागात, खालच्या मजल्यावर नेऊन बसवलं, तिथं हलणं कमी लागतं, अन् दूरच्या पाण्याच्या रेघेकडं पाहायला लावलं, मोबाईलकडं बिलकुल न्हाई. गोळी घ्यायची तं जहाज हलायच्या अगोदर, नंतर काही उपेग न्हाई, हे डॉक्टरनं सांगितलं.

परत आल्यावर मामा कल्याणच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसून लोकाला सांगायचे. साऱ्यांनी सारं पाहायलाच पाहिजे असं न्हाई. पोरं पोहतेन, म्हातारे बसतेन, पण दिसातून येकदा साऱ्यांनी येका टायमाला येका जागी जमायचं, अन् ती जागा अगोदरच ठरवायची, कारण समुद्रात मोबाईल लागत न्हाई. रबरी तळाची चप्पल घाला, पायऱ्या ओल्या असतात. अन् सगळ्यात मोठं, कोणाला कोण बोलावणार हे येकाच माणसाच्या नावावर टाका. साऱ्यांवर टाकलं की कोणीच बोलावत न्हाई. हे सांगून झालं का मामा लगेच जिलबी कशी हुकली ते काढायचे.

भाऊबीजेला मामा आष्टीला आले. येकटे न्हाई, टेम्पोत दोन पातेले, कणीक, तूप अन् गवऱ्या घेऊन. आईच्या अंगणात त्यानं गवऱ्यांवर कणकेच्या गोळ्यांच्या बट्ट्या भाजल्या. मंग टोपी घातली अन् आमच्या साऱ्या गल्लीत घरोघर जाऊन बोलावणं देलं. "गोजराबाईच्या घरी पान वाढलंय." पन्नास माणूस आलं. मामा वाढून राह्यले. जन्मभर ते पंगतीत बसले नव्हते, साऱ्यांचं झाल्यावर चुलीपशी उभ्यानं खायचे, हीच सवय.

त्या दिवशी आईनं त्याहिच्या हातातून पळी घेतली, दंडाला धरून पाटावर बसवलं. ओवाळलं. म्हणली, "बस. आज मी वाढते. अन् उठला तं पाहाय."

मामा मांडी घालून बसले, लहान पोरासारखे. आई वाढत गेली अन् ते खात गेले. चार बट्ट्या खाल्ल्या. पाचवी आईनं कुस्करली, तूप ओतलं, तवा मामानं हात आडवा केला, "बस गं, मरतो का काय मी."

"खा," आई म्हणली. "अकरा भाऊबीजा राहिल्यात."

मामानं हात बाजूला घेतला अन् पाचवी बी खाल्ली.